आणखी एक हात

मित्रांनो, माझ्याकडे पाहून तुम्हाला वाटेल की या घरात काहीतरी रंगवायचं अर्धवट राहिलं आहे. तसं नाही. समोरच्या खोलीत भिंतीला टेकून उभा असलेला हा कोरा, फिकट राखाडी फळा अगदी पूर्ण झालेला आहे. मी प्लायवूडचा एक जुना फळा आहे आणि प्रोजेक्टरचं चित्र अंगावर झेलणं हे माझं काम आहे. वय विचाराल तर पंचविशी कधीच ओलांडली, पण अंगावर रंगाचे अकरा हात चढलेले असल्यामुळे ते कोणाच्या लक्षात येत नाही. या रंगाची मला एके काळी फार ऐट होती. आता कोणी माझ्या रंगाचं कौतुक केलं की तोंड लपवावंसं वाटतं. असं का, तेच आज सांगणार आहे.

मी काही पडदा म्हणून जन्माला आलो नव्हतो. लाकडाचे पातळ पापुद्रे एकावर एक आडवे-उभे डकवून, गरम दाबाखाली धरून मला तयार केलं आणि नागपूरच्या एका लाकडाच्या दुकानात आणून उभं केलं. तिथून मला बळीराम नावाच्या गिरणी कामगारानं हिंगणा रोडवरच्या आपल्या घरी आणलं आणि सुतारानं माझा दिवाण केला. दहा वर्षं बळीराम माझ्यावर झोपले. उजव्या कुशीवर झोपायचे, पहाटे उठताना माझ्या कडेला दोन्ही हात टेकायचे. मी त्यांना वजनानं ओळखत होतो. चेहरा मात्र कधी पाहिला नाही, कारण आमच्या दोघांमध्ये गादी असायची. ते वारले, पुढे दिवाणाच्या पायांना वाळवी लागली आणि माझी रवानगी कपाटामागे झाली. तिथे मी पंधरा वर्षं धूळ खात पडलो होतो. माझी आठवण फक्त पालींना होती.

मला बाहेर काढलं ते अंजनाबाईंच्या डोळ्यांमुळे. अंजनाबाई म्हणजे बळीरामांची बायको. वय चौऱ्याहत्तर, बोलणं खणखणीत, आणि स्वयंपाकघरात कोणाची लुडबुड खपवून घ्यायच्या नाहीत. त्यांचा एक डोळा आधीच निकामी झाला होता. गेल्या वर्षी होळीच्या सुमारास दुसऱ्यातही बिघाड सुरू झाला. समोर पाहिलं की मधोमध धुरकट डाग दिसायचा आणि ज्याच्याकडे पाहावं त्याचाच चेहरा त्यात बुडून जायचा. डॉक्टरांनी त्यांच्या मुलाला, प्रेमानंदला, स्पष्ट सांगितलं की गेलेली नजर परत येणार नाही, राहिलेली किती महिने टिकेल याचाही भरवसा नाही. जे दाखवायचं असेल ते मोठं करून दाखवा.

अंजनाबाईंना पाहायचं होतं ते एकच. बळीरामांना फोटो काढून घ्यायला आवडत नसे. त्यांचा एकच फोटो घरात होता, मतदान कार्डावरचा, आणि त्यात ते चोरासारखे दिसतात असं अंजनाबाई म्हणायच्या. पण १९९८ साली मुलीचं, मायाचं, लग्न झालं तेव्हाची एक व्हिडिओ कॅसेट होती आणि तिच्यात कुठेतरी बळीराम होते. प्रेमानंदनं सीताबर्डीच्या बाजारातल्या एका दुकानातून ती कॅसेट पेनड्राइव्हवर उतरवून आणली. घरच्या टीव्हीवर लावली, तर अंजनाबाई अगदी काचेला नाक लावून बसल्या आणि तरी बळीरामांचं तोंड डागात गेलं.

"मले लग्न नाही पाह्याचं गा," त्या म्हणाल्या. "लग्न म्या पाह्यलं आहे. मले तुह्या बाबाले पाह्याचं आहे. त्यायचं तोंड माह्या ध्यानातून चाललं आता."

प्रेमानंदनं बंद पडलेल्या एका शिकवणी वर्गाचा जुना प्रोजेक्टर मिळवला. खोलीच्या हिरव्या भिंतीला ओल येऊन पोपडे धरले होते, तिथे चित्र दिसलं नसतं. मग त्यानं मला कपाटामागून ओढलं, ओल्या फडक्यानं पुसलं आणि सरितेला, म्हणजे त्याच्या बायकोला, माझ्याकडे बोट दाखवत म्हणाला, "पाय, सहा बाय चारचा तयार माल. एक रंग मारला की झालं."

एक रंग मारला की झालं! मित्रांनो, हे वाक्य त्यानं एप्रिलमध्ये उच्चारलं होतं.

आता प्रेमानंदबद्दल सांगतो, नाहीतर पुढचं तुम्हाला पटणार नाही. तो हिंगण्याच्या एमआयडीसीत लोखंडी कपाटांच्या कारखान्यात रंगखात्यात आहे. तिथे पक्की रीत आहे. रंगवलेल्या कपाटावर कुठे ओघळ, फोड, कचरा किंवा वेगळी छटा दिसली की तिथे खडूनं गोल मारायचा. गोल असलेलं कपाट दारातून बाहेर जात नाही. ते परत घासायचं, परत रंगवायचं. वीस वर्षं प्रेमानंद हे गोल मारत आला आहे आणि त्यानं पास केलेलं एकही कपाट गिऱ्हाइकाकडून परत आलेलं नाही. माणूस सोन्यासारखा. फक्त घरी येतानाही तो खडू खिशात घेऊन येतो.

पहिल्यांदा त्यानं मला प्रायमर दिला आणि त्यावर पांढऱ्या ऑइल पेंटचे दोन हात मारले. त्याच्या हिशेबानं रंग म्हणजे झळझळीत पाहिजे, तोंड दिसलं पाहिजे. मी तर हरखून गेलो. पंधरा वर्षं पालींच्या सहवासात काढलेल्या फळ्याला एकदम नवरदेव केल्यावर काय होणार? संध्याकाळी खिडक्या लावल्या, प्रोजेक्टर सुरू झाला आणि माझ्या अंगावर मायाचं लग्न उतरलं. पांढऱ्या साडीतली माया, पांढऱ्या सदऱ्यातला नवरदेव, वंदना म्हणणारी माणसं. बौद्ध पद्धतीचं लग्न असल्यामुळे जिकडे पाहावं तिकडे पांढरं. आणि माझ्या बरोबर मध्यभागी प्रोजेक्टरचा दिवाच आरशात पडावा तसा लखलखू लागला.

अंजनाबाई मान जराशी वाकडी करून, डोळ्याच्या कडेनं पाहत होत्या. "थांब गा, थांब," त्या म्हणाल्या. "ते पाण्याचा जग घेऊन चालून राहिले ते तुहे बाबाच आहेत ना? सदरा दिसून राहिला मले. हात दिसून राहिला. तोंड आता दिसनच..."

खट्ट! प्रेमानंदनं प्रोजेक्टर बंद केला.

"काहून बंद केलं गा?"

"मधात चमकून राहिलं वं आई. आणखी एक हात मारतो, मंग पाय आरामात."

"मले काय त्या चमकीचं करायचं आहे? लाव तू."

"अर्धवट माल दाखवत नसतात, आई."

त्यानं खिशातून खडू काढला आणि माझ्या छातीवर मोठा गोल मारला. तेव्हा मला मनापासून आनंद झाला होता. आपल्यावर आणखी काम होणार, आपण आणखी देखणे होणार, एवढंच माझ्या प्लायच्या डोक्यात आलं.

मग चकाकी घालवण्यासाठी त्यानं मला पॉलिश पेपरनं घासून काढलं आणि अजिबात न चमकणाऱ्या पांढऱ्या प्लॅस्टिक पेंटचे दोन हात दिले. मधला दिवा गेला. पण वरच्या झरोक्यातून रस्त्यावरच्या दिव्याचा उजेड यायचा, तो माझ्या पांढऱ्या अंगावर पसरायचा आणि चित्रातलं काळं ते सगळं धुऊन निघाल्यासारखं व्हायचं. केस राखेचे, चेहरे पिठाचे. प्रेमानंदला कोणीतरी सांगितलं की अशा खोलीत फळा राखाडी पाहिजे. त्यानं गडद राखाडी दिला. आता केस काळे झाले, पण लग्नातले सगळे पांढरे कपडे मळके दिसू लागले. बळीरामांचा सदरा तर गॅरेजमधून आल्यासारखा.

"बाबा लग्नाच्या दिवशी असे मळके कपडे घालतीन का?" प्रेमानंद सरितेला म्हणाला. गंमत वाटते खरी, पण त्याच्या दृष्टीनं हा बापाचा अपमान होता. गिरणीतून आल्यावर बळीराम आधी आंघोळ करून पांढरे कपडे घालायचे आणि मगच चहा घ्यायचे. तो सदरा पांढराशुभ्र दिसल्याशिवाय आईसमोर चित्र लावायचं नाही, असं त्यानं ठरवूनच टाकलं.

त्यानं फिकट राखाडी आणला तेव्हा मे उजाडला होता. नागपूरचा मे तुम्हाला सांगायला नको. रोलर या टोकापासून त्या टोकाला जाईपर्यंत मागचा रंग सुकायचा आणि अंगावर पट्टे उठायचे. खडू, गोल, घासणे. जूनच्या शेवटी दमट हवेत रंग सुकेना आणि माझ्या उजव्या खांद्यावर फोड आले. खडू, गोल, घासणे. दर वेळी तो मला तपासायला चित्र लावायचा, पण दोनच चित्रं, तीही थांबवून ठेवलेली. एक मायाच्या साडीचं, पांढरा रंग पाहायला. दुसरं बळीरामांच्या चेहऱ्याचं, कातडीचा रंग पाहायला. त्यांच्या चेहऱ्याचं चित्र अंगावर पडलं की मला बरं वाटायचं. दहा वर्षांची ओळख, पण तोंडओळख आत्ता झाली होती. या चाचण्या तो दार लावून करायचा, आईला अर्धवट काही दिसू नये म्हणून.

सरिता समजूतदार बाई. ती एकदा म्हणाली, "अहो, पांढरी चादर बांधून दाखवून द्या ना आईले. फळ्याचं होत राहीन मंग."

"चादरीवर? सुरकुत्या पडतात तिच्यावर. बाबाच्या तोंडावर सुरकुत्या दिसतीन."

"म्हाताऱ्या माणसाच्या तोंडावर सुरकुत्याच असतात," सरिता म्हणाली आणि आत निघून गेली.

मला तेव्हा तिचा राग आला होता, मित्रांनो. खोटं कशाला सांगू? माझ्या जागी चादर! चार महिने अंग घासून घेतलं ते काय एका चादरीसाठी? ती चादर त्या दिवशी बांधली गेली असती तर पुढचं सगळं टळलं असतं. पण मला माझा मान मोठा वाटला. फळ्याला कसला आलाय मान?

सुरुवातीला अंजनाबाई रोज विचारायच्या. प्रेमानंदची गाडी दाराशी लागली की, "सुकला का गा फळा?" आणि तो हसून म्हणायचा, "होऊन राहिला वं आई, आणखी एक हात." एका दुपारी घरात कोणी नसताना त्या स्वतःच चाचपडत माझ्यापाशी आल्या. रंग सुकला की नाही ते पाहायला त्यांनी आपला अंगठा माझ्या खालच्या कोपऱ्यावर दाबला. रंग ओला होता. अंगठ्याचा ठसा उमटला. संध्याकाळी प्रेमानंदनं तो पाहिला, खडूनं त्याच्याभोवती गोल मारला आणि थोडा चिडून म्हणाला, "आई, हात नको लावत जाऊ ना वं. आता हा पुरा कोपरा घासा लागते मले."

"चुकलं बापू," अंजनाबाई म्हणाल्या.

त्या दिवसानंतर त्यांनी फळ्याबद्दल कधी विचारलं नाही. घरातल्यांना वाटलं, आई विसरली, किंवा तिनं धीर धरला.

मला मात्र दुसरंच दिसत होतं. मी स्वयंपाकघराच्या वाटेवर उभा होतो. श्रावणात अंजनाबाई जाता-येता माझ्या कडेला बोटं टेकवू लागल्या. कड संपली की दोन पावलं, मग दार. सरिता बांगड्यांवरून ओळखू यायची, प्रेमानंद गाडीच्या आवाजावरून. चहाचा कप हातात देईपर्यंत त्या हात पुढे करायच्या नाहीत, म्हणजे चुकीच्या जागी जायला नको. इतक्या बेमालूम वागायच्या की कोणाला संशय आला नाही. पोरगा ड्युटी करून घरी येतो, हातपाय धुऊन आपल्यासाठी परत रंगकामाला बसतो, त्याला कशाला सांगायचं, असं त्यांच्या मनात असणार. मला सगळं कळत होतं आणि मी गप्प होतो. फळे बोलत नसतात, ही सबब खरी आहे. पण मला बोलता आलं असतं तरी मी बोललो असतो का? तेव्हा माझ्यावर निळसर झाक मारणारा नववा हात चढला होता आणि ती झाक जाऊन आपण कधी एकदा निर्दोष होतो, याचेच मला वेध लागले होते. याची मला आजही लाज वाटते.

प्रेमानंदनं शेवटी स्वतःच रंग कालवला. फिकट राखाडीत छटा देणाऱ्या पिवळ्या स्टेनरचे तीन थेंब, लाल एक. दहावा हात, अकरावा हात. बळीरामांचं थांबवलेलं चित्र लावून तो त्यांच्या गालाजवळ आपला हात धरायचा आणि दोन्ही रंग ताडून पाहायचा. धम्मचक्र प्रवर्तन दिनाच्या आधीच्या रविवारी त्यानं मला शेवटचं तपासलं. चमक नाही, पट्टा नाही, फोड नाही. त्यानं खडू काढला, थोडा वेळ हातात धरला आणि गोल न मारता परत खिशात टाकला. तो माझ्या आयुष्यातला सगळ्यात मोठा सन्मान होता.

सणासाठी कुहीहून माया आली होती. दीक्षाभूमीवर जाऊन आल्यावर दुसऱ्या दिवशी संध्याकाळी सगळे या खोलीत जमले. प्रेमानंदनं नवा सदरा घातला होता. झरोक्याला पुठ्ठा लावला, प्रोजेक्टर खोलीच्या दुसऱ्या टोकाला स्टुलावर ठेवला, आईसाठी मधोमध सतरंजी घातली आणि दिवा घालवला. अंधारात अंजनाबाई सतरंजीवर येऊन बसल्या. प्रोजेक्टरचा पंखा घरघरला आणि चित्र माझ्यावर आलं.

काय सांगू तुम्हाला! साडी दुधासारखी पांढरी, केस काळेभोर, आणि पाण्याचा जग घेऊन पंगतीतून चालणारे बळीराम, सावळे, जिवंत, आत्ता खोलीत पाऊल टाकतील असे. "दादा, बाबा पाय!" माया ओरडली आणि रडू लागली. प्रेमानंद माझ्या शेजारी उभा राहून माझे चारही कोपरे न्याहाळत होता. कुठेही डाग नव्हता. मग तो समाधानानं वळला.

"आई, कसं आहे?"

अंजनाबाई माझ्याकडे पाठ करून बसल्या होत्या. त्यांचं तोंड प्रोजेक्टरकडे होतं. तो झगझगीत झोत थेट त्यांच्या चेहऱ्यावर पडला होता आणि त्या डोळे उघडे ठेवून, हसऱ्या चेहऱ्यानं वाट पाहत होत्या.

"आई, तिकडे काय पाहून राहिली? इकडे पाय ना वं."

"उजेड तर इकूनच येऊन राहिला ना गा," अंजनाबाई म्हणाल्या. "सुरू झालं का?"

सरिता उठली आणि तिनं अंजनाबाईंना खांद्याला धरून हळूच माझ्याकडे वळवलं. त्यांच्या डोळ्यांत माझा रंग नव्हता, चित्र नव्हतं, काही नव्हतं. प्रेमानंद गुडघे टेकून त्यांच्यासमोर बसला. "काहून नाही सांगितलं वं मले?" त्यानं विचारलं.

"तू मेहनत करून राहिला होता ना बापू. सांग आता, कुठपर्यंत आले तुहे बाबा? वाढून झालं काय त्यायचं?"

प्रेमानंदनं मान वळवून माझ्याकडे पाहिलं. मित्रांनो, त्यानं सहा महिन्यांत हे लग्न शंभर वेळा लावलं होतं, पण निरखून पाहिली होती ती दोनच थांबवलेली चित्रं. पुढे काय होतं ते त्यानं कधी नीट पाहिलंच नव्हतं. "वाढून झालं," तो सांगू लागला. "जग खाली ठेवला. आता तुह्याजवळ येऊन राहिले. तुह्या कानात काहीतरी म्हटलं बाबानं. आवाज नाही येत, लाऊडस्पीकर सुरू आहे."

"म्हणे, तू जेवली का वं," अंजनाबाई म्हणाल्या. "म्या म्हटलं, पाहुणे व्हायचे आहेत. तर म्हणे, पाहुणे काही पळून नाही चालले. दिवसभर कोणी इचारलं नव्हतं मले. आता हासतीन पाय ते."

माझ्या अंगावर बळीराम हसले.

"हासले?"

"हासले."

"कसे? सांग ना गा. तेवढंच पाह्याचं होतं मले. हासताना त्यायचं तोंड कसं होत होतं?"

प्रेमानंदनं तोंड उघडलं. बापाच्या गालाचा रंग त्याला थेंबांपर्यंत पाठ होता. पण हसणं कसं सांगायचं, ते त्याला येईना. मायालाही येईना. चित्र पुढे सरकलं, पाहुणे निरोप घेऊ लागले, आणि अंजनाबाई मान किंचित पुढे करून अजून उत्तराची वाट पाहत होत्या.

मित्रांनो, तेव्हापासून मी निर्दोष आहे आणि या घरात माझ्याकडे कोणी पाहत नाही. माझी तक्रार नाही. माझं एवढंच मागणं आहे की तुमच्या घरात कोणी काही पाहण्यासाठी, ऐकण्यासाठी वाट पाहत बसलं असेल, तर त्यांना आजच दाखवा. डागासकट दाखवा, चादरीवर दाखवा, ओल्या भिंतीवर दाखवा. फळा परत रंगवता येतो. मी अकरा वेळा रंगवून घेतलं आहे, मला माहीत आहे.